डब्यावर ‘एआय’, डब्यात काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मुलांसाठीच्या एआय खेळण्यांवर पानभर मजकूर होता. फोटो झकास होते. पण तो घेणाऱ्याच्या बाजूनं लिहिलाय की विकणाऱ्याच्या, हे मला शेवटच्या ओळीपर्यंत उमगलं नाही. आणि मी तर स्वतः विकणारी आहे. म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त काडेपेट्यांचा भाग कापू नका.

साताऱ्यात मोती चौकाजवळ आमचं खेळण्यांचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळी ते सावंतवाडीची लाकडी फळं, भातुकली आणि पांगुळगाडे यांवर चालायचं. आता रिमोटच्या गाड्या, ब्लॉक्स आणि बॅटरीवर नाचणाऱ्या वस्तूंवर चालतं. लाकडी फळं मी अजून ठेवते, पण ती बहुतेक पाहुण्यांच्या शोकेसमध्ये जातात, मुलांच्या हातात कमीच. गिऱ्हाईकानं यावं आणि ‘अमुक द्या’ म्हणावं, ही आमच्या धंद्याची रीत. हल्ली पालक वस्तू मागत नाहीत, विषय मागतात. “ताई, एआयचं काहीतरी दाखवा.” मुलाचं वय विचारावं तर साडेचार.

त्यांना तरी काय म्हणायचं? सीबीएसईनं २०१९-२० पासून नववीला हा विषय ऐच्छिक म्हणून दिला, तेव्हा आमच्या पेठेत कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जाहीर केलं, की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकवायला घेणार. ही बातमी व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत माझ्या काउंटरवर आली तोवर ‘बालवाडीपासून एआय सक्तीचं’ अशी झाली होती. मग काय, ठोकवाल्यांनी पेट्याच्या पेट्या पाठवायला सुरुवात केली.

तो माल कसला असतो ते सांगते. डब्यावर निळसर प्रकाशाचा चेहरा, मेंदूचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत एआय. उघडलं की बऱ्याचदा आत गाणी भरलेली एक चिप. सशाच्या पोटावर दाबलं की तीच चार बडबडगीतं. हाच ससा पूर्वी आम्ही ‘म्युझिकल’ म्हणून विकायचो आणि तेव्हा त्याला भाव कमी होता. दुसरा प्रकार काळ्या पट्टीवरून धावणाऱ्या गाडीचा. तिच्या पोटाखाली अवरक्त प्रकाश सोडणारे आणि टिपणारे छोटे डोळे असतात. पांढऱ्या कागदावरून प्रकाश परत येतो, काळ्यावरून येत नाही, त्यावरून चाकं वळतात. सुंदर खेळणं आहे, मी आवडीनं विकते आणि ती गाडी उलटी करून डोळे कुठे आहेत हेही पोरांना दाखवते. पण ती पहिल्या दिवशी जशी वळते तशीच वर्षभरानंतरही वळते. ती शिकत काही नाही. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा म्हणतो, “मावशी, डब्यावर एआय आणि डब्यात आयसी.” आयसी म्हणजे नुसती चिप. तिसरा प्रकार वायफाय लावून खरोखर गप्पा मारणाऱ्या खेळण्यांचा. त्यांच्याकडे मी नंतर येते, कारण खरी काळजी तिथे आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. यंत्र कसं शिकतं हे मुलाला कळावं असं वाटत असेल, तर ते शिकणं मुलाच्या डोळ्यांदेखत आणि मुलाच्याच हातानं झालं पाहिजे. आणि यंत्र चुकलं तर ते उघडून का चुकलं हे बघता आलं पाहिजे. नुसती उत्तरं देणारं खेळणं कितीही गोड बोललं तरी यातलं काही दाखवत नाही.

असं दाखवणारं खेळणं साठ वर्षांपूर्वीच होऊन गेलंय, आणि त्याला बॅटरीसुद्धा लागत नव्हती. डोनाल्ड मिची नावाचे एक ब्रिटिश शास्त्रज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या मंडळींत, संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगबरोबर, तेही होते. पुढे एडिंबरा विद्यापीठात असताना एका सहकाऱ्याशी त्यांची पैज लागली, की यंत्र अनुभवातून शिकू शकतं की नाही. हाताशी संगणक नव्हता. मिचींनी १९६१ मध्ये काडेपेट्या गोळा केल्या, तब्बल ३०४, आणि त्यांचं एक यंत्र केलं. ते फुल्ली-गोळा खेळायचं.

३०४ च का? यंत्रानं पहिली खेळी करायची असं ठरवलं, फिरवून किंवा आरशात धरून सारखे दिसणारे पट एकच मानले, संपलेले डाव आणि एकच घर उरलेले पट सोडून दिले, की यंत्रापुढे येऊ शकणाऱ्या तेवढ्याच स्थिती उरतात. प्रत्येक स्थितीला एक पेटी. पेटीत रंगीत मणी, एकेक रंग म्हणजे पटावरचं एकेक घर. यंत्राची पाळी आली की समोरच्या स्थितीची पेटी शोधायची, हलवायची आणि खण उघडायचा. खणात पुठ्ठ्याची व्ही आकाराची आडकाठी असते, तिच्या टोकाशी जो मणी घरंगळून येईल तिथे यंत्राची खूण. डाव यंत्र जिंकलं तर वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्या रंगाचे तीन मणी जास्तीचे टाकायचे, बरोबरी झाली तर एक, आणि हरलं तर तो मणी जप्त. झालं यंत्र. मिची स्वतः त्याच्याशी २२० डाव खेळले. सुरुवातीला यंत्र वेड्यासारखं कुठेही खूण करायचं, शेवटाकडे मिचीच जास्त हरायला लागले. या यंत्रात अक्कल कुठे आहे म्हणून शोधायला गेलात तर एकाही पेटीत सापडणार नाही. मण्यांचा हिशेब तेवढा बदललेला दिसेल.

काडेपेटीचा भाव डिसेंबर २०२१ मध्ये एका रुपयाचा दोन रुपये झाला, तोही चौदा वर्षांनी. त्या हिशेबानं मिचींचं यंत्र आज ६०८ रुपयांत होतं, मण्यांचे वेगळे. माझ्याकडे सगळ्यात स्वस्त ‘एआय रोबो’ याहून महाग आहे.

३०४ पेट्या म्हणजे भिंत भरते, ते घरी जमणारं नाही. भाच्यानं मला धाकटा प्रकार दाखवला. गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या मार्च १९६२ च्या अंकात तो दिला होता, आणि त्याला पेट्या लागतात फक्त २४. खेळ नऊ घरांच्या पटावरचा. एका बाजूला तीन प्यादी, समोर तीन. चाल बुद्धिबळातल्या प्याद्याची: समोरचं घर रिकामं असेल तर एक घर पुढे, मारायचं ते तिरकं. पलीकडच्या ओळीत पोचलात, समोरच्याची सगळी प्यादी मारलीत किंवा त्याला चालच उरली नाही, की तुम्ही जिंकलात. आम्ही प्यादी म्हणून एका बाजूला चिंचोके आणि दुसऱ्या बाजूला शेंगदाणे ठेवले. पण डाव संपायच्या आत अर्धं सैन्य खाल्लं जायला लागलं, म्हणून मग शर्टाची बटणं आणली.

मे महिन्यात दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं. आतल्या खोलीत जमिनीवर पट मांडून शेजारपाजारची पोरं बसली. प्रत्येक पेटीवर एकेका स्थितीचं चित्र, यंत्राला शक्य असलेल्या प्रत्येक चालीचा रंगीत बाण, आणि आत त्या त्या रंगाचा एकेक मणी. पोर आधी खेळणार, पेटी नंतर. इथे बक्षीस नाही, नुसती शिक्षा. यंत्र हरलं की त्यानं शेवटची चाल ज्या मण्यावर केली तो मणी काढून घ्यायचा. पेटी रिकामीच निघाली तर यंत्रानं हार मानायची आणि त्याच्या आधीच्या चालीचा मणी जप्त. भाच्यानं यंत्राचं नाव ठेवलं पेटीमास्तर. पोरांपैकी कुणी हार्मोनियमचा पेटीमास्तर पाहिलेला नाही, तरी नाव चिकटलं.

पहिले बरेच डाव पेटीमास्तर बिनडोकासारखा हरत होता आणि पोरं नाचत होती. मग हळूहळू हरणं कमी झालं. चौथीतली एक मुलगी गप्प बसून बघत होती. ती म्हणाली, “काकी, हा शिकत नाहीये काही. आपणच याच्यातलं चुकीचं काढून टाकतोय. मग याच्याकडे चुकायला काही उरतच नाही.” मी तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या भावानं लगेच विचारलं, “मग शाळेत बाई काय वेगळं करतात?” यावर भाचा आणि ती दोन भावंडं इतका वेळ भांडत बसली की पुढचा डाव राहूनच गेला. इंजिनिअरिंगच्या वर्गातसुद्धा यावर असंच भांडण होतं म्हणे.

मग गंमत झाली. पाच वर्षांचं एक पोर मध्येच घुसलं आणि मनाला येईल तशी बटणं सरकवायला लागलं. पेटीमास्तर त्याच्याशी जिंकत सुटला. मोठ्या पोरांना वाटलं, आता तर हा एकदम हुशार झाला. पण सहावीतला मुलगा खेळायला बसला तर पेटीमास्तर जुन्याच चुकांवर हरला! “काकी, छोट्यानं याला बिघडवला!” बिघडवला नव्हता. जिंकताना मणी काढायचा नसतो, त्यामुळे कच्च्या भिडूशी खेळून तो काहीच शिकला नव्हता. कुणाशी खेळून शिकला यावर यंत्राची हुशारी ठरते, हे त्या पोरांना त्या दुपारी कळलं. आम्ही त्यांना ते सांगितलंही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत पेटीमास्तर हरायचा बंद झाला. या खेळात दुसऱ्यानं खेळणारा न चुकता खेळला तर जिंकतोच, त्यामुळे पोरांना आता काही आशाच नव्हती. मला वाटलं हिरमुसतील. उलट ‘आम्ही याला तयार केलं’ म्हणून आल्यागेल्याला सांगत सुटली. दुसऱ्या दिवशी मात्र पेटीमास्तर अचानक मध्येच हार मानायला लागला. कुणाला काही कळेना. पोरांनी सगळ्या पेट्या ओळीनं मांडून एकेक उघडली, तर एका पेटीतला जिंकायचा मणी गायब, पेटी रिकामी. सहावीतल्याच्या खिशात तो सापडला. चोर मिळाला याचं मला एवढं कौतुक नाही. यंत्र बिघडलं म्हणून कुणी ते टाकून दिलं नाही, दुकानदाराकडे आणलं नाही, उघडून बिघाड कुठल्या पेटीत आहे ते काढलं, याचं कौतुक आहे. माझ्या दुकानातल्या कुठल्याही बोलक्या बाहुलीच्या बाबतीत हे होऊ शकत नाही. तिचा स्क्रूसुद्धा उघडत नाही.

पुण्यात आयुका या खगोलसंशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, जुन्या चपला आणि टाकाऊ बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांनी आमच्या धंद्याचं नुकसानच व्हायचं, असं सासरे हसून म्हणायचे. काड्या त्या खेळण्यांत कामी आल्या, पेट्या या खेळात येतात. महाराष्ट्रातल्या शिक्षकाला यात नवखं असं काही वाटायला नको.

संगणक अजिबात नको असं मात्र माझं म्हणणं नाही. गुगलचं ‘टीचेबल मशीन’ नावाचं एक साधन २०१७ पासून फुकट आहे. ब्राउझर आणि कॅमेरा असला की झालं. कॅमेऱ्यासमोर वस्तू धरून तिचे भराभर फोटो द्यायचे, दुसऱ्या वस्तूचे दुसऱ्या गटात द्यायचे, ‘शिक’ म्हणून बटण दाबायचं. मग कुठलीही वस्तू समोर धरली की ती कुठल्या गटातली वाटते हे पट्टीवर टक्क्यांत दिसतं. ते सगळं शिकणं त्याच संगणकात होतं. तुम्ही स्वतः साठवून पाठवत नाही तोवर फोटो बाहेर जात नाहीत. हे मला महत्त्वाचं वाटतं.

आम्ही दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर डाळी शिकवल्या. तूरडाळ आणि हरभराडाळ. यंत्र लगेच शिकलं, बिनचूक सांगायला लागलं, पट्टी शंभराला टेकलेली. पोरं खूश. मग मी विचारलं, आपण वाट्या बदलूया का? हरभराडाळ स्टीलच्या वाटीत होती आणि तूरडाळ निळ्या प्लास्टिकच्या. डाळींची अदलाबदल केली. यंत्रानं स्टीलच्या वाटीतल्या तुरीला तितक्याच ठामपणे हरभरा म्हणून सांगितलं. ते डाळ शिकलंच नव्हतं, वाटी शिकलं होतं. चौथीतल्या त्याच मुलीनं पुढचा अर्धा तास घरातली प्रत्येक ताटली, डबा आणि शेवटी स्वतःचा तळहात वापरून दोन्ही डाळींचे फोटो दिले, तेव्हा कुठे ते थोडंफार डाळीकडे बघायला लागलं. “आणि हे शंभर टक्के म्हणत होतं!” हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. एखादं यंत्र ठामपणे बोलतं म्हणून ते बरोबर असतं असं नाही, हे तिला आता कुणी भाषण देऊन सांगायची गरज नाही.

माझ्या मुलीच्या शाळेत ‘लोगो’ या संगणकभाषेचं कासव होतं. इतके पुढे जा, इतकं वळ, असे हुकूम टंकले की पडद्यावर रेघ उमटायची. ती भाषा १९६७ ची. ती घडवणाऱ्यांतले एक सीमोर पेपर्ट यांचा आग्रहच होता, की यंत्राला काय करायचं ते मुलानं सांगावं. ती पिढी त्यात काही फार पुढे गेली असं नाही, शाळेत आठवड्याला एक तास मिळायचा आणि एका संगणकावर चौघी. पण हुकूम मुलीचा होता.

आता बोलणाऱ्या खेळण्यांकडे येते.

आमच्याकडे असं एक आलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. नमुना म्हणून मी ते घरी चालू केलं. आधी फोनवर ॲप घ्या, मग खातं उघडा, मुलाचं नाव, जन्मतारीख, आवडीनिवडी, मग घरातल्या वायफायचा पासवर्ड. एवढं झाल्यावर ते बोललं, तेही इंग्रजी-हिंदीत. मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर. शेजारच्या पोराचं ‘नाय गं, तसं न्हाई’ त्याला झेपलंच नाही. कसं झेपेल? साताऱ्याची पोरं त्याच्याशी कधी खेळलीच नव्हती. वायफाय बंद केलं तर ते नुसतं प्लॅस्टिक. पण मला खटकलं ते वेगळंच. पोर त्याच्याशी जे बोलेल ते कुठे जातं, किती दिवस राहतं, कोण ऐकतं, याचं उत्तर ना डब्यावर होतं ना ठोकवाल्याकडे. तो म्हणाला, “ताई, एवढं कोण विचारतं?” मी तो माल परत पाठवला.

ही माझी एकटीची धास्ती नाही. ‘माय फ्रेंड केला’ नावाची एक बोलकी बाहुली होती. जर्मनीच्या नियामक संस्थेनं फेब्रुवारी २०१७ मध्ये ती छुपं हेरगिरीचं उपकरण ठरवून बंद केली आणि पालकांना ती निकामी करायला सांगितलं. तिच्या ब्लूटूथला कसलंच कुलूप नव्हतं; जवळपासचा कुणीही तिच्यातून ऐकू आणि बोलू शकत होता. परवापरवाची गोष्ट, नोव्हेंबर २०२५. अमेरिकेतल्या ‘पर्ग’ या ग्राहक संघटनेनं ‘कुम्मा’ नावाच्या बोलक्या अस्वलाची तपासणी केली. ते अस्वल चाकू आणि काडेपेट्या घरात कुठे सापडतील हे सांगत होतं आणि लहान मुलांशी बोलू नये अशा लैंगिक विषयांवरही बोलत होतं. कंपनीनं काही काळ विक्री थांबवली, आणि ज्यांचं एआय आत होतं त्या ‘ओपन-एआय’नं त्यांचा पुरवठा तोडला. काडेपेटीचा याहून चांगला उपयोग मी वर सांगितलाच आहे.

आणि खेळणं चांगलं निघालं तरी? ‘मॉक्सी’ नावाचा एक यंत्रमित्र होता, किंमत ७९९ डॉलर, एकटं वाटणाऱ्या किंवा बोलायला बुजणाऱ्या मुलांना त्याचा आधार व्हायचा. कंपनीचे पैसे संपले आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिनं पालकांना कळवलं, की मॉक्सी आता बंद पडेल, कारण त्याचं डोकं घरात नव्हतंच, कंपनीच्या संगणकांवर होतं. सहा-सात वर्षांच्या लेकराला आईबापांनी समजवायचं की तुझा मित्र उद्यापासून बोलणार नाही. आमच्या दुकानातली भातुकली तुटते, हरवते, बहिणीकडे जाते. ती कंपनी बुडाली म्हणून मरत नाही.

सरसकट नकोच असंही नाही. दिसत नसलेल्या एका मुलाची आई माझ्याकडे नेहमी येते. त्याला बोलणारी खेळणी लागतात आणि ती त्याला खरोखर आनंद देतात. तिच्यासाठी मी मुद्दाम मागवते, पण आवाज आतच भरलेला असेल अशी, नेट न लागणारी.

नियमांचं म्हणाल तर खेळण्यांचा गुणवत्ता आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली. आधी आम्ही दुकानदारांनी बोंब मारली, जुना माल अडकला म्हणून. पण आज मी त्या खुणेकडे बघून सांगू शकते, की रंग विषारी नाही, कडा लागणार नाही, अगदी लहानांच्या खेळण्यातला छोटा भाग घशात जाणार नाही. मुलाचं बोलणं कुठे जातं हे मात्र त्या खुणेत कुठेच नाही. व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीशीर संमती हवी, मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. त्या मुदतीत एक दिवाळी येते, म्हणजे आमचा एक अख्खा सीझन, आणि या काळात किती अस्वलं विकली जातील याचा अंदाज माझ्याकडून घ्या.

मला हवंय ते फार नाही. जसं वय आणि आयएसआय खूण डब्यावर छापतात, तसंच ठळक मराठीत छापावं, की आतला आवाज भरलेला आहे की नेटवरून येतो. मुलाचं बोलणं कुठे साठतं आणि पुसायचं कसं. नेट नसलं किंवा कंपनी बंद पडली तर खेळण्यातलं काय चालू राहील. हे ज्यांना छापता येत नाही त्यांनी एआय हे शब्दही छापू नयेत. पालकांनी दुकानातच वायफाय बंद करून खेळणं चालवून बघावं. चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही. आणि खेळणं चुकीचं उत्तर देईपर्यंत त्याला प्रश्न विचारावेत. चुकल्यावर त्याला सुधारायची काही सोय मुलाच्या हातात आहे का ते बघावं. नसेल तर ते करमणुकीचं खेळणं आहे. तसं समजून घ्या, तक्रार नाही, पण शिक्षणाचे पैसे मोजू नका.

जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल एक. तिसरीपासून हा विषय येणार म्हटल्यावर टॅब्लेट, किट, प्रयोगशाळा यांच्या निविदा निघतील, काही ठिकाणी ते डबे कपाटात कुलपात राहतील, हे सांगायला ज्योतिषी नको. जावळी-पाटणकडच्या डोंगरातल्या शाळेत नेटची रेंज येवो न येवो, २४ पेट्या आणि मूठभर मणी पोचायला काही अडचण नाही. तिसरीच्या मुलांना पहिलं वर्षभर एवढंच द्यावं, असं माझं मत आहे. शिक्षक त्याहून चांगलं काही सुचवतील तर ऐकेन.

माझा यात फायदा काय, असं कुणी विचारेल. काडेपेट्या मी विकत नाही, त्या समोरच्या किराणावाल्याकडे मिळतात. मणी विकते, पण त्यात काय सुटतं ते सगळ्यांना माहीत आहे. बोलक्या अस्वलावर मात्र चांगलं सुटतं.

आपल्याला एक विनंती. आपल्या बालविभागात एका रविवारी त्या २४ स्थितींची चित्रं बाणांसकट छापावीत, म्हणजे मुलांना कापून पेट्यांवर चिकटवता येतील. भाच्यानं ती नीट आखून दिली आहेत, पत्रासोबत जोडते. छापायला जागा नसेल तर झेरॉक्स माझ्या दुकानात ठेवल्या आहेत, कुणाही शिक्षकानं न्याव्यात, पैसे नकोत. माझा पत्ता पत्राच्या मागे दिला आहे, तो विचारणाऱ्याला सांगावा, छापू नये. पेट्या मात्र ज्यानं त्यानं घरून रिकाम्या आणायच्या. भरलेल्या मी पोरांच्या हातात देत नाही.

आपली,
एक खेळणीविक्रेती, सातारा